बिबट्या, गोठा आणि पंचनामा

मंडळी, आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस असते. तिन्हीसांजेला गाय-वासराला ओवाळायचे, गूळ-पुरणाचा घास द्यायचा, हे तुमच्या घरात होतच असेल. त्याच तिथीला जुन्नर, आंबेगाव, अकोले या डोंगराळ तालुक्यांत महादेव कोळी समाजाची माणसे वाघबारस करतात. शिवेवरच्या वाघोबाच्या ठाण्यापुढे नारळ फोडायचा, खीर शिजवायची आणि गाऱ्हाणे घालायचे, की बाबा, आमच्या गुराढोरांच्या वाटेला जाऊ नकोस. एकाच दिवशी गुरांचाही मान आणि गुरे खाणाऱ्याचाही मान! जुन्या माणसांनी हा हिशेब कसा घातला असेल याचे मला मोठे नवल वाटते. पण त्यातून एवढे कळते, की वाघरू आणि वाडी यांचे शेजारपण आपल्याकडे कालपरवाचे नाही.

आज बोलायचे आहे ते या शेजारपणाच्या रोकड बाजूबद्दल. शेळी ही गरिबाची गाय, असे आपण म्हणतो. ज्या बाईला जमीन नाही, तिच्या दारची चार शेरडे हीच तिची बँक. पोराची फी, आजारपण, सोयऱ्यांतले लग्न, जे काही अडेल ते एक बोकड विकून निभते. अशा घरच्या चारही शेळ्या एका रात्रीत गेल्या, तर त्या घराचे वर्ष बुडाले. तेव्हा ‘बिबट्याही जगला पाहिजे’ असे शहरातून सांगणाऱ्याने आधी त्या गोठ्यात जाऊन उभे राहावे, आणि ‘बिबट्या एकदाचा संपवून टाका’ असे म्हणणाऱ्यानेही थोडा धीर धरून पुढचे ऐकावे.

पहिली गोष्ट म्हणजे हा बिबट्या आला कोठून? पुष्कळांची समजूत अशी, की जंगल तुटले म्हणून तो गावात शिरला. जुन्नर भागापुरते हे अर्धेच खरे आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालव्याला पाणी आले, आणि जिथे बाजरी-हुलगा व्हायचा तिथे ऊस उभा राहिला. सुरू उसाला बारा महिने लागतात, आडसालीला सोळा ते अठरा. म्हणजे वर्ष-दीड वर्ष न हलणारे, पुरुषभर उंचीचे, आत गारवा असलेले रान आपण आपल्या हाताने लावले. पाणी जवळ, लपायला जागा, आणि बाहेर वस्तीवर कुत्री, डुकरे, कोंबड्या, शेरडे. बिबटीण उसात वीत गेली, पिल्ले उसात वाढत गेली. त्या पिल्लांच्या लेखी जंगल म्हणजे ऊसच. ‘त्याला त्याच्या घरी सोडून या’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे घर कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. सन २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला, पण ती गणना मुख्यतः जंगलांची आहे. उसातले त्यात आले नाहीत.

आता सरकारने आजवर काय काय केले ते पाहू. इंग्रजी अमलात उपाय सरळ होता. वाघ, बिबट्या, लांडगा मारा, कातडे कचेरीत आणून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. पुढे जनावरे इतकी कमी झाली की १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा करावा लागला. बिबट्या आणि लांडगा दोघेही त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याचा व्यवहारातला अर्थ नीट ध्यानात घ्या. बिबट्या माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी झाला, तरच त्याला मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी देऊ शकतात. त्याने शेळी मारली, कालवड मारली, या कारणासाठी ती मिळत नाही. मेलेल्या शेळीवर औषध टाकून ठेवणे हा तर गुन्हाच. त्यात बिबट्याबरोबर गावची कुत्री, घारी आणि एखादे वेळी शेजाऱ्याचा बैलही जातो.

मग राहिला पिंजरा. गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची. मोर्चा पिंजऱ्यासाठी, निवेदन पिंजऱ्यासाठी. या उपायाची परीक्षा जुन्नरच्याच मातीत झालेली आहे, आणि ती प्रत्येक ग्रामसभेत सांगण्यासारखी आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने धरून दूर नेऊन सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पुढे अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. धरून-सोडण्याचा मोठा सपाटा सुरू झाल्यावर ते वर्षाला सतरापर्यंत गेले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाण शेकडा १८ होते, ते ३६ झाले. ज्या दूरच्या अभयारण्यांत बिबटे नेऊन सोडले, त्यांच्या आसपासही हल्ले होऊ लागले.

असे का व्हावे? बिबट्या हा आपल्या हद्दीत राहणारा प्राणी. कोणत्या वस्तीवर माणसे केव्हा निजतात, कुठली वाट रात्री मोकळी असते, हे त्याला पाठ असते. त्यामुळे तो माणसाला चुकवून फिरतो. त्याला धरला, चार दिवस पिंजऱ्यात माणसांच्या गोंगाटात ठेवला, आणि परक्या मुलखात सोडला, की तो बावरतो. तिकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरणा बिबट्या येऊन बसतो, त्यालाही वाटा नव्या. आणि पुष्कळ जनावरे तर सोडलेल्या जागी राहतच नाहीत. तुम्ही ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपट कदाचित पाहिला असेल, २०१४ सालचा. तो खऱ्या बिबट्यावरचा आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला बिबट्या वर काढला, गळ्यात संदेश देणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. तो गडी रेल्वे, हमरस्ते ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या बाजूला जाऊन पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला ओरबाडले नाही.

पिंजरा कधीच लावू नये असे मी म्हणत नाही. माणसाचा जीव गेला असेल तेव्हा गोष्ट निराळी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुले होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. त्या आईबापांपुढे कोणी आकडे मांडू नयेत. पण शेळ्या वाचवण्यासाठी म्हणून पिंजरा मागायचा, तर तो उपाय लागू पडत नाही. एक धरला की दुसरा येतो. आणि गंमत पाहा, पिंजऱ्यात आमिष म्हणून बांधायला लागते ती शेळीच.

तर मग लागू पडते काय? याचे उत्तर बिबट्याच्या विष्ठेतून मिळाले. किळस वाटून घेऊ नका. प्राण्याने काय खाल्ले ते विष्ठेतल्या केसांवरून नेमके ओळखता येते. अकोले तालुक्यात, म्हणजे ज्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात तिथे, असा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शेकडा ३९. शेळ्यांचा वाटा शेकडा ११. गुरुजी, हा आकडा फळ्यावर लिहून मुलांना विचारा, की त्या भागात कुत्र्यांपेक्षा शेळ्या सात पटींनी जास्त असताना असे का झाले असेल? मुले उत्तर देतील. कुत्री रात्री मोकळी हिंडतात, शेळ्या बहुधा कोंडलेल्या असतात. बिबट्याला शेळी आवडत नाही असे नाही, ती त्याला मिळत नाही. बंद दाराची किंमत इतक्या चोख रीतीने दुसऱ्या कुठल्या आकड्याने सांगता येईल असे मला वाटत नाही.

पण ‘बंद’ कशाला म्हणायचे? इथे आपले पुष्कळ लोक फसतात. कुडाची किंवा विटांची छातीभर भिंत, वर मोकळे, आणि दाराला बाभळीचे झाकण. याला आपण गोठा म्हणतो. बिबट्या एवढी भिंत सहज चढून उतरतो. उघड्या आवारापेक्षाही असा अर्धवट गोठा वाईट, आणि का ते सांगतो. मोकळ्यावर हल्ला झाला तर एक शेळी धरून तो निघून जातो, बाकीच्या उधळतात. चार भिंतींच्या आत मात्र शेळ्यांना पळायला वाट नाही. त्या कोपऱ्यातून कोपऱ्यात धावतात, ओरडतात, आणि समोर धडपडणारे जनावर दिसत राहिले की त्याचा मारण्याचा झपाटा थांबत नाही. मग सकाळी दहा-बारा शेळ्या मेलेल्या आणि खाल्लेली एखादीच, असे दृश्य दिसते. लोक म्हणतात, हा माजलेला आहे. तो माजलेला नसतो, तो आपण बांधलेल्या खोक्यात सापडलेला असतो.

म्हणून वरून झाकलेले हवे. पत्रा असेल तर पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हवेसाठी जी फट सोडतो, तिला जाळी मारा. जाळी कोंबड्यांची पातळ नको, जाड तारेची. दार चौकटीत घट्ट बसणारे, खाली पंजा घालता येणार नाही इतके टेकलेले, आणि कडी बाहेरून खटक्याची नको, अडसर हवा. हवा मात्र खेळती पाहिजे, नाही तर बिबट्यापासून वाचवलेल्या शेळ्या खोकल्याने मरतील. लडाखात हिमबिबट्याचा असाच त्रास आहे. तिथले कोंडवाडे दगडी, वर उघडे. तिथे काही गावांत या कोंडवाड्यांवर लाकडी दांडे टाकून तारेच्या जाळीचे छत केले आणि दारे मजबूत बसवली. खर्च थोडा, पण रात्रीत अख्खा कळप जाण्याचा प्रकार अशा कोंडवाड्यांतून थांबला.

पैसा कोठून आणायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न. २०२१ साली राज्याने रोजगार हमीच्या कामांतून गाईंचे गोठे आणि शेळ्यांच्या शेड बांधून देण्याची योजना काढली होती. दहा शेळ्यांच्या शेडला त्यात ४९,२८४ रुपये धरले होते. योजनांची नावे, नियम आणि रकमा बदलत राहतात. तेव्हा आज कोणती योजना चालू आहे, हे पंचायत समितीत जाऊन विचारून घ्या, आणि ग्रामसभेत कामांची यादी ठरते त्या दिवशी हजर राहा. त्या यादीत नाव नसेल तर पुढे कितीही खेटे घातले तरी उपयोग होत नाही. शेड मंजूर झाली तर बांधतानाच वरची फट आणि दार याबद्दल आग्रह धरा. मंजूर नकाशा दूध-मांस वाढवण्याच्या विचाराने केलेला असतो, बिबट्याच्या विचाराने नव्हे. जाळीचे हजार-दोन हजार पदरचे घालावे लागले तरी घाला.

जुन्नर वनविभागाने यापलीकडेही काही गोष्टी केल्या आहेत. वस्त्यांभोवती सौर कुंपण, हालचाल टिपून भोंगा वाजवणारी यंत्रे, मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे. कुंपणाचा चांगला उपयोग होतो, मात्र त्याच्या तारेला गवत लागू देता कामा नये. गवत लागले की वीज जमिनीत जाते आणि कुंपण नुसते शोभेचे राहते. भोंग्यांविषयी माझे मत थोडे सावध आहे. जनावर हुशार असते. रोज तोच आवाज, आणि आवाजानंतर काहीच घडत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही. भोंगा वाजल्यावर माणसाने उठून बत्ती मारली तर त्या आवाजाला अर्थ राहतो.

आता नुकसानभरपाई. हा विषय कंटाळवाणा खरा, पण यातच गरिबाचे पैसे बुडतात, म्हणून सावकाश घेऊ. २०२२ मध्ये वाढवलेल्या दरांप्रमाणे गाय, बैल, म्हैस मारली गेल्यास बाजारभावाच्या पाऊणपट किंवा ७०,००० रुपये, यांपैकी जे कमी ते. शेळी-मेंढीला बाजारभावाच्या पाऊणपट किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी. म्हणजे तुमच्या शेळीचा भाव १२,००० ठरला, तर ९,००० मिळतील. लाखाची गाय गेली तर पाऊणपट होतात ७५,०००, पण मर्यादा ७०,००० ची. दर मधूनमधून बदलतात, म्हणून चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. पोटात दोन करडे असलेल्या शेळीची किंमत तुमच्या लेखी काय आहे, ते कागदावर पूर्णपणे उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, भरपाई ही मलमपट्टी आहे, गोठ्याचे दार हे खरे काम.

तरी मलमपट्टी हक्काची आहे, ती सोडू नये. जनावर मेलेले दिसले की ते हलवू नका, ओढून खड्ड्यात टाकू नका, फाडू नका. वनरक्षकाला किंवा वनपालाला त्याच दिवशी कळवा. वनखात्याचा १९२६ हा फोन क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला तरी चालेल. पोलीस पाटलांच्या कानावर घाला. मग वनकर्मचारी जागेवर येऊन पंचनामा करतात, गुरांचे डॉक्टर जनावर तपासतात, आणि त्यावर भाव ठरतो. सोबत अर्ज आणि बँकेच्या पासबुकाची प्रत लागते. पासबुक चालू खात्याचे, नाव आधारप्रमाणे जुळणारे असू द्या. नावातल्या एका काना-मात्रेवरून कागद परत येतो आणि मजुरीचे दोन दिवस मोडतात. इथे शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. गावात ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचे अर्ज तुम्ही लिहून द्या आणि पोच घ्यायला सांगा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

पंचनाम्यात वाद होतो तो बहुधा एका गोष्टीवर: मारले कोणी? मोकाट कुत्र्यांच्या टोळ्याही शेळ्या मारतात, आणि कुत्र्याने मारल्याची भरपाई नाही. तेव्हा ओळख पाहिजे. बिबट्या गळा धरतो. गळ्यावर सुळ्यांची खोल भोके दिसतात, बाकी अंगावर ओरखडे थोडे, आणि जनावर पुष्कळदा ओढत आडोशाला नेलेले असते. कुत्री मागून धरतात. मांड्या, शेपटी, कान, सगळीकडे लचके तोडलेले असतात. ठसे पाहा. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखे आत घेतात, म्हणून बिबट्याच्या पावलापुढे नखांच्या खुणा उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या उमटतात. शाळेत हा पाठ फार सोपा आहे. जमिनीवर राख पसरा, घरच्या मांजराला आणि कुत्र्याला तिच्यावरून चालवा, आणि दोन्ही पावले मुलांकडून वहीत काढून घ्या. अशी शिकलेली मुले पंचनाम्याच्या वेळी मोठ्या माणसांच्या पुढे असतात. ठशावर पाटी किंवा टोपले पालथे घालून ठेवायचे, म्हणजे साहेब येईपर्यंत बघ्यांच्या पायांखाली तो जात नाही.

देशावर, सोलापूर, नगर, बारामतीकडच्या माळरानांवर, बिबट्यापेक्षा लांडग्याची कटकट जुनी. तिथे गोठ्याचा सल्ला निरर्थक, कारण धनगराचा वाडा आज या शेतात, उद्या त्या शेतात. मेंढरे बसवायची, भोवती वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचे कुंपण, आणि कुत्री राखणीला. ही पद्धत किती पिढ्यांची आहे कोण जाणे, पण आजही तिच्यावर मात करील असा रात्रीचा स्वस्त उपाय मला माहीत नाही. लांडगा मात्र दिवसाही येतो. चरता कळप पांगला, मागे एखादे कोकरू रेंगाळले, की गवतातून एक लांडगा एका बाजूने दिसतो, कुत्री तिकडे धावतात आणि दुसरा दुसऱ्या बाजूने कोकरू उचलतो. धनगर हे सांगतो तेव्हा त्याच्या बोलण्यात राग असतो, तसे थोडे कौतुकही असते. पूर्वी पाचटलेल्या माळावर लांडग्याचा हिस्सा धरूनच चालायचे, असे कित्येक म्हातारे बोलून दाखवतात.

पण भरपाईच्या बाबतीत या माणसाचे हाल पाहा. पंचनामा व्हायचा तर थांबले पाहिजे. थांबायचे तर चारा नाही, आणि ज्याच्या शेतात वाडा बसवला आहे त्याचे खत झाले की तो निघा म्हणतो. कोकरू गेले ते एका तालुक्यात, अर्जाची सुनावणी होईपर्यंत वाडा तिसऱ्या तालुक्यात. म्हणून पुष्कळ मेंढपाळ अर्जच करीत नाहीत, आणि अर्ज नाहीत म्हणून कागदावर लांडग्याचा त्रासही दिसत नाही. भरपाईचे नियम घरदार असलेल्या माणसाला धरून केलेले आहेत, फिरत्या माणसाला धरून नाहीत. हा दोष दुरुस्त व्हायला हवा. तोवर निदान ज्या गावच्या शिवारात वाडा उतरला आहे, तिथल्या पोलीस पाटलांनी आणि गुरुजींनी त्याचा फोन लावून द्यावा, कागद करून द्यावा. मेंढ्यांचे खत आपल्या शेताने घेतलेले असते.

स्पितीच्या खोऱ्यात किब्बर नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी २००२ पासून एका संस्थेच्या मदतीने गावापुरता गुरांचा विमा चालवला. घरटी थोडी वर्गणी, नुकसान झाले की गावातलीच समिती खातरजमा करून पैसे देणार. समितीतला माणूस शेजारीच राहत असल्याने खोटा दावा टिकत नाही आणि खऱ्या दाव्याला महिने लागत नाहीत. आपल्याकडे बचत गट आहेत, दूध संस्था आहेत. एखाद्या गावाने हे करून पाहायला हरकत काय?

ग्रामपंचायतीच्या हातात आणखी एक मोठे काम आहे, आणि त्याचा बिबट्याशी संबंध आहे हे चटकन लक्षात येत नाही. ते म्हणजे उकिरडा. हाटेलांचे उरलेले अन्न, कोंबडीच्या दुकानांची घाण, मेलेली जनावरे ओढ्यात टाकली, की त्यावर कुत्री आणि डुकरे पोसतात. कुत्र्यांचा वाटा बिबट्याच्या ताटात किती मोठा ते मघाशी सांगितलेच. म्हणजे वस्तीच्या कडेला आपण त्याचे कोठार भरून ठेवतो आणि मग तो आला म्हणून ओरड करतो. कोंबडी दुकानदाराला कचऱ्याचा खड्डा सक्तीचा करणे आणि कुत्र्यांची नसबंदी करून घेणे ही कामे ग्रामसभेच्या ठरावातून होण्यासारखी आहेत. पिंजऱ्याच्या मागणीपेक्षा यांना टाळ्या कमी मिळतात, एवढेच.

शेवटी उसतोडीबद्दल बोलतो, कारण कारखाना सुरू झाला की या विषयाला धार येते. तोड चालू असता फड आकसत जातो आणि उरलेल्या पट्ट्यात बिबटीण पिल्लांसह असू शकते. तोडणी कामगार त्याच शिवारात कोपी करून राहतात; त्यांचे बैल उघड्यावर, शेरडे कोपीशी बांधलेली, आणि तान्ही पोरे फडाच्या कडेला झोळीत. आपल्या गोठ्यापेक्षा त्यांची स्थिती कितीतरी नाजूक, आणि आपल्या गावच्या ग्रामसभेत त्यांना जागा नसते. मुकादमाला आधी सांगून ठेवा: पहाटे अंधारात फडात शिरायचे नाही, टोळी एका बाजूने जावी म्हणजे जनावराला दुसऱ्या बाजूने निघून जायला वाट राहील, आणि पोरांना फडापासून लांब, एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवायचे. ज्याच्या शेतात कोप्या पडल्या आहेत त्याने शेरडांसाठी रात्रीपुरती एखादी बंद खोली, जुनी मोटारीची खोली का होईना, उघडून द्यावी.

आणि कोयता चालवताना पिल्ले सापडलीच, तर त्यांना उचलून गावात आणू नका, फोटो काढायला हातात घेऊ नका. काम थांबवा, सगळे बाजूला व्हा आणि वनखात्याला कळवा. आईपासून पिल्ले तोडली की ती त्या रात्री शिवारभर शोधत फिरते, आणि तेव्हाच ती सर्वांत धोक्याची असते. वनखात्याची माणसे पिल्ले तपासून, टोपल्यात किंवा खोक्यात घालून, सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवतात आणि दूर जाऊन बसतात. अंधार पडल्यावर आई येते, एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते. जुन्नर भागात हे कितीदा तरी झाले आहे. पहाटे टोळी फडावर येते तेव्हा टोपले बहुधा रिकामे असते.